परभणीच्या २ अंशांच्या गारठ्यातही हवेत ऊब असते, हे गणिताने दाखवून देणारे लॉर्ड केल्विन

डिसेंबर संपत आला की परभणीचं नाव बातम्यांत येतं. मे महिन्यात ४४ अंशांत भाजून निघणारं हे शहर थंडीत राज्यातल्या सगळ्यात गार ठिकाणांच्या यादीत जाऊन बसतं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. अशा पहाटे जिंतूर असो, सेलू असो की गंगाखेड, चौकाचौकात शेकोट्या पेटलेल्या असतात आणि बोलताना तोंडातून वाफा निघत असतात.

आता अशा वेळी कुणी म्हणालं की बाहेरच्या या गार हवेतूनच ऊब काढून घर गरम करता येईल, तर लोक त्याला वेड्यात काढतील.

पण १८५२ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात २८ वर्षांच्या एका प्राध्यापकाने नेमकं हेच गणित मांडलं होतं. त्यांचं नाव विल्यम थॉमसन. पुढे जगाने त्यांना लॉर्ड केल्विन म्हणून ओळखलं. त्यांनी सुचवलेल्या यंत्राला आज हीट पंप म्हणतात. नॉर्वेसारख्या देशात, जिथे पारा उणे २० च्या खाली जातो, तिथे निम्म्याहून जास्त घरांत हे यंत्र आहे.

आईविना वाढलेला मुलगा

विल्यमचा जन्म २६ जून १८२४ चा, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. वडील जेम्स थॉमसन हे छोट्या शेतकऱ्याचे पोर. स्वतःच्या बळावर गणित शिकून ते प्राध्यापक झाले होते. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी मुलांना घरीच शिकवलं. पुढे त्यांना ग्लासगो विद्यापीठात गणिताची जागा मिळाली आणि सगळं घर तिकडे गेलं.

विल्यम दहाव्या वर्षीच त्या विद्यापीठात दाखल झाला. सोबत दोन वर्षांनी मोठा भाऊ जेम्स होताच. या भावाला पाणचक्क्या आणि पंपांचं वेड होतं. विल्यमला वेड लागलं उष्णतेचं. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याने फ्रेंच गणिती फूरिए यांचं उष्णतेवरचं अवघड पुस्तक वाचून काढलं. एका प्राध्यापकाने फूरिएंच्या गणितात चुका काढल्या होत्या. या पोराने टोपणनावाने लेख लिहून चूक फूरिएंची नाही, त्या प्राध्यापकांची आहे हे दाखवून दिलं.

मग केंब्रिज. १८४५ च्या गणिताच्या परीक्षेत तो पहिला येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आला दुसरा.

पॅरिसच्या दुकानांतलं न सापडलेलं पुस्तक

केंब्रिजनंतर विल्यम पॅरिसला गेला आणि रेन्यो या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. तिथे त्याच्या वाचनात सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याचं नाव आलं. कार्नोचं पुस्तक १८२४ साली, म्हणजे विल्यमच्या जन्माच्याच वर्षी निघालं होतं. कार्नो १८३२ मध्ये कॉलऱ्याने गेला आणि पुस्तक लोक विसरून गेले. विल्यमने पॅरिसची पुस्तकांची दुकानं पालथी घातली, पण पुस्तक मिळालं नाही. ते हातात पडायला आणखी तीन वर्षं जावी लागली.

कार्नोने काय म्हटलं होतं? पाणी उंचावरून खाली पडताना पाणचक्की फिरवतं, तसं उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाताना वाफेचं इंजिन फिरवते. किती काम मिळेल हे दोन जागांच्या तापमानांवर ठरतं. आणि ही क्रिया उलटीही करता येते. बाहेरून काम दिलं तर थंड जागेची उष्णता गरम जागेकडे चढवता येते.

हीट पंपाचं बीज या उलट क्रियेत आहे.

१८४६ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, थॉमसन ग्लासगोला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही खुर्ची त्यांनी ५३ वर्षं सोडली नाही. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत म्हणून त्यांनी दारू साठवायचं एक जुनं तळघर मागून घेतलं आणि तिथे प्रयोगशाळा थाटली.

शून्य म्हणजे शून्य नव्हे

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या एका परिषदेत थॉमसन यांची गाठ जेम्स ज्यूल यांच्याशी पडली. ज्यूल मँचेस्टरजवळच्या दारूभट्टीवाल्यांच्या घरातले. काम आणि उष्णता ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, हे ते प्रयोगांतून सांगत होते आणि फारसं कुणी मनावर घेत नव्हतं. थॉमसन यांनाही ते लगेच पटलं नाही. कारण कार्नोच्या मते इंजिनात उष्णता खर्चच होत नव्हती, फक्त खाली उतरत होती. मग खरं कोण? हे कोडं सोडवायला थॉमसन यांना चार वर्षं लागली. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

मधल्या काळात, १८४८ मध्ये, त्यांनी तापमानाची नवी मोजपट्टी सुचवली. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू. ते शून्य माणसाने सोयीसाठी ठरवलेलं आहे. त्या तापमानाला उष्णता संपत नाही. खरं शून्य कितीतरी खाली, उणे २७३ अंशांच्या आसपास आहे, आणि मोजणी तिथून व्हायला हवी. १८५४ पर्यंत ज्यूल यांच्यासोबत काम करून त्यांनी या मोजपट्टीला आजचं रूप दिलं. ती आज केल्विन याच नावाने चालते.

आता परभणीकडे या पट्टीने बघा. मे महिन्यातले ४४ अंश म्हणजे ३१७ केल्विन. डिसेंबरातले २ अंश म्हणजे २७५ केल्विन. नॉर्वेतले उणे २० म्हणजे २५३ केल्विन. परभणीच्या गार पहाटेपेक्षा नॉर्वेचा हिवाळा या पट्टीवर जेमतेम ८ टक्क्यांनी खाली आहे. माणसाच्या कातडीला हा फरक जीवघेणा वाटतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र दोन्हीकडच्या हवेत भरपूर उष्णता आहे.

१८४९ च्या जानेवारीत ग्लासगोत कॉलऱ्याची साथ होती आणि तिने थॉमसन यांच्या वडिलांना नेलं. ज्यांनी घरात बसवून गणित शिकवलं, मुलाला ही खुर्ची मिळावी म्हणून धावपळ केली, ते मुलाचं मोठं काम बघायला उरले नाहीत.

१८५२ चं यंत्र

त्या काळात ब्रिटनमध्ये एक वेगळीच चर्चा चालली होती. उष्ण देशांतल्या खोल्यांमधली हवा यंत्राने थंड करता येईल का? चार्ल्स पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने तशी योजना मांडली होती. थॉमसन यांनी तोच विचार उलटा फिरवला. जे यंत्र खोली थंड करेल, तेच खोली गरमही करू शकेल.

डिसेंबर १८५२ मध्ये ग्लासगोच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यांनी आराखडा मांडला. दोन सिलिंडर आणि मध्ये लोखंडी टाकी. पहिल्या सिलिंडरमध्ये बाहेरची हवा घ्यायची आणि पसरू द्यायची. पसरली की ती बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते. मग ती लोखंडी टाकीत थांबवायची. टाकी उघड्यावर असल्यामुळे बाहेरची हवा तिला ऊब देते. शेवटी दुसऱ्या सिलिंडरमध्ये ती दाबायची. दाबली की ती गरम होते आणि खोलीत सोडता येते.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं तोंड तापतं हे सगळ्यांना माहीत आहे. दाबलेली हवा गरम होते, पसरलेली हवा गार होते. यंत्राची सगळी गंमत एवढीच.

हिशोब मात्र थक्क करणारा होता. साधारण १० अंशांची हवा २७ अंशांपर्यंत तापवायची असेल, तर थेट तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ३ टक्के ऊर्जेत हे आदर्श यंत्र काम भागवेल. बाकीची उष्णता बाहेरच्या हवेतून फुकट येणार.

हे कसं शक्य आहे? मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, असलेलं पाणी खालून वर उचलते. बिल येतं ते उचलण्याचं. हीट पंपही उष्णता तयार करत नाही. बाहेर पडलेली उष्णता उचलून घरात टाकतो. हीटरचा रॉड मात्र सगळी उष्णता विजेतूनच तयार करतो, म्हणून १ युनिट विजेत त्याच्याकडून १ युनिटच उष्णता मिळते.

मग कडाक्याच्या थंडीत काय होतं?

विहिरीचीच उपमा पुढे नेऊ. उन्हाळ्यात पाणी खोल जातं तशी मोटरला जास्त वीज लागते आणि पाणीही कमी पडतं. हीट पंपाचंही तसंच. घरात २१ अंश ठेवायचे आणि बाहेर २ अंश आहेत, तर उष्णता १९ अंश चढवायची. बाहेर उणे २० असतील तर ४१ अंश. चढण दुपटीहून जास्त.

थॉमसन यांच्या गणिताने बघायचं तर आतलं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं आणि त्याला या चढणीने भागायचं. २९४ भागिले १९ म्हणजे साधारण १५. २९४ भागिले ४१ म्हणजे साधारण ७. ही झाली आदर्श मर्यादा. प्रत्यक्षात बाहेरची नळी हवेपेक्षा गार आणि आतली खोलीपेक्षा गरम ठेवावी लागते, शिवाय घर्षणात ऊर्जा जाते. म्हणून आजचे चांगले हीट पंप शून्याच्या आसपास १ युनिट विजेत ३ युनिटच्या जवळपास उष्णता देतात आणि उणे २० ला दीड ते दोन युनिट. आकडा घसरतो, पण एवढ्या थंडीतही तो हीटरच्या वर राहतो.

खरी अडचण दुसरी आहे. बाहेर जितकी थंडी वाढते, तितकी घरातली ऊब भिंती आणि खिडक्यांतून जास्त वेगाने बाहेर जाते. म्हणजे गरज दुप्पट होते तेव्हाच यंत्राची ताकद कमी होते. म्हणूनच थंड देशांत आधी घराच्या भिंती आणि खिडक्या नीट बंदिस्त करतात, मग त्या घराच्या मापाचं यंत्र निवडतात. अगदीच कडाक्याच्या चार-आठ दिवसांसाठी जोडीला साधा हीटर किंवा लाकडाची शेगडी ठेवतात. या यंत्राबद्दलच्या बऱ्याच तक्रारी मुळात चुकीच्या मापाच्या असतात.

आणखी एक गंमत आहे. यंत्राच्या बाहेरच्या नळ्यांवर बर्फ धरण्याचा त्रास उणे २० ला कमी आणि शून्य ते ५ अंशांच्या दमट हवेत जास्त होतो. कारण फार गार हवेत ओलावाच थोडा असतो. बर्फ धरला की यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, तो वितळवतं आणि पुन्हा कामाला लागतं.

आजच्या यंत्रात हवेऐवजी खास वायू फिरतो. त्यातला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून उणे २० ची हवासुद्धा त्याला उकळवायला पुरेशी गरम असते. दाबाखालचा द्रव एका चिंचोळ्या वाटेतून सोडून त्याचा दाब आणि तापमान एकदम खाली आणतात. अशी वाट काढताना वायूचं तापमान कसं बदलतं, याचे प्रयोग थॉमसन आणि ज्यूल यांनीच १८५२ पासून दहा वर्षं केले होते.

कोळशाच्या शहरात कागदावर राहिलेली कल्पना

मग हे यंत्र तेव्हाच का बनलं नाही?

कारण ग्लासगोत कोळसा स्वस्त होता. यंत्र चालवायला वाफेचं इंजिन लागणार आणि त्या काळचं इंजिन कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावायचं. त्यापेक्षा शेगडीत कोळसा टाकणं सोपं. यंत्र मोठं, महाग आणि हवेवर चालणारं. कुणीच पुढे आलं नाही.

थॉमसन यांचं आयुष्यही दुसरीकडे वळलं. त्याच १८५२ मध्ये त्यांचं मार्गारेट क्रम यांच्याशी लग्न झालं होतं. त्या लवकरच आजारी पडल्या आणि पुढची सतरा वर्षं त्यांचं दुखणं हटलं नाही. १८६० च्या हिवाळ्यात बर्फावर कर्लिंग खेळताना थॉमसन पडले, पाय मोडला आणि जन्मभर ते लंगडत चालले.

दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी तारेची केबल टाकण्याच्या कामात ते उतरले. १८५८ ची केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. दुसऱ्या एका अधिकाऱ्याने जोराचा विद्युतदाब दिला होता. थॉमसन यांचं म्हणणं उलट होतं. संदेश क्षीण असला तरी चालेल, तो टिपणारं यंत्र नाजूक हवं. १८६६ मध्ये केबल यशस्वी झाली आणि त्यांना सर हा किताब मिळाला. चार वर्षांनी समुद्राखालच्या केबलने मुंबईही एडनशी जोडली गेली. त्याच १८७० मध्ये मार्गारेट गेल्या. १८७४ मध्ये थॉमसन यांनी फ्रान्सेस ब्लँडी यांच्याशी दुसरं लग्न केलं.

१८९२ मध्ये त्यांना लॉर्ड करण्यात आलं. नाव घेतलं ते विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं.

एवढा मोठा माणूस चुकला नाही असं नाही. पृथ्वी गरम गोळ्यातून थंड होत आली असं धरून त्यांनी तिचं वय काढलं आणि शेवटी ते २ ते ४ कोटी वर्षांवर आणून ठेवलं. खरं वय सुमारे ४५० कोटी वर्षं आहे. पृथ्वीच्या पोटातल्या हालचाली त्यांच्या हिशोबात नव्हत्या. किरणोत्साराचा शोध लागल्यावरही त्यांनी आपलं मत सहज सोडलं नाही.

पण दुसरीकडे, १८८१ मध्येच त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की कोळसा कधीतरी संपणार आणि तेव्हा पवनचक्क्यांच्या विजेकडे वळावं लागेल. १७ डिसेंबर १९०७ रोजी, ऐन थंडीत, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या लार्ग्स इथल्या घरी त्यांचं निधन झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत न्यूटन यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आलं. त्यांच्या आराखड्यावर तापलेलं एकही घर त्यांनी पाहिलं नव्हतं.

पुढे काय झालं?

उष्णता उचलण्याचा विचार पूर्ण थांबला नव्हता. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५० च्या दशकातच खारं पाणी आटवून मीठ काढण्यासाठी असं यंत्र चालवून पाहिलं होतं. घर तापवायला मात्र वीज आणि फ्रिजचं तंत्र यावं लागलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अभियंता टी. जी. एन. हॉल्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या आपल्या घरी हीट पंप बसवला. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुरिक शहराची नगरभवनाची इमारत नदीच्या पाण्यातली उष्णता उचलून तापू लागली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि स्वीडनसारखे देश गांभीर्याने या यंत्राकडे वळले. आज तिकडे नोकरीसाठी गेलेल्या मराठी घरांच्या भिंतींवरही ते दिसतं.

परभणीला घर तापवायची गरज वर्षातून थोडेच दिवस पडते. पण हे यंत्र परभणीला नवीन नाही. मे महिन्यात भिंतीवर घरघरणारा एसी हा हीट पंपच आहे, फक्त त्याचं तोंड उलटं आहे. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेरच्या ४४ अंशांत नेऊन टाकतो. त्याच्या बाहेरच्या डब्यासमोर हात धरला की उचललेली उष्णता हाताला लागते. हॉट अँड कोल्ड म्हणून विकले जाणारे एसी थंडीत हेच तोंड फिरवतात आणि हीटरच्या मानाने बऱ्याच कमी विजेत खोली उबदार ठेवतात.

येत्या डिसेंबरात परभणीचा पारा पुन्हा खाली येईल आणि मोबाइलवर २ किंवा ३ हा आकडा फिरेल. थॉमसन यांच्या पट्टीवर तेव्हाही परभणीची हवा २७५ केल्विनच्या वरच असेल.